पऱ्हाटीला विमा, लेकराला चिठ्ठी



दुसऱ्या वेचणीच्या दिवसांतली गोष्ट. रात्री बैठक आटोपून मी मोटारसायकलने परतत होतो. जिल्ह्याच्या गावी एका खासगी रुग्णालयाच्या फाटकापाशी आपलाच एक जुना कार्यकर्ता भिंतीला टेकून उभा दिसला. सात वर्षांचा मुलगा आत होता. तालुक्याच्या डॉक्टरने तीन दिवस सलाईन लावले, चौथ्या दिवशी रक्ताचा कागद बघून हात वर केले आणि 'जिल्ह्याला न्या' म्हणाला. या रुग्णालयाच्या दारावर सरकारी आरोग्य योजनेचा फलक टांगलेला, म्हणून गडी इथेच उतरला. आतल्या माणसाने शिधापत्रिका मागितली. शिधापत्रिकेवर तीन वर्षांमागे वारलेल्या आजोबाचे नाव होते, जिवंत नातवाचे नव्हते. 'नाव चढवून आणा, मग बघू. तोवर वीस हजार भरा.' रात्री दहाला तहसील कचेरी कुठे उघडी असते? त्याने गावच्या व्यापाऱ्याला फोन लावला आणि घरात पडलेला कापूस व्यापारी म्हणेल त्या भावाने देऊन टाकला.

पोरगं वाचलं. भावासाठी दोन महिने घरात राखलेला कापूस मात्र त्या एका रात्रीत गेला.

मी त्याला विचारले, "कपाशीचा विमा काढला होता?" म्हणाला, "काढला ना भाऊ. पावती आहे घरी." आपले महसूल मंडळ कोणते, उंबरठा उत्पादन किती, पीक कापणीचा प्रयोग कोणाच्या वावरात झाला, सारे त्याला तोंडपाठ. "आणि पोराचा?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "पोराचाही असतो?"

याला कोणी अडाणीपणा म्हणेल तर त्याच्याशी माझे भांडण आहे. पीकविमा या माणसाला कसा कळला? गावोगाव ध्वनिक्षेपक लावून फिरले म्हणून कळला. सेवा केंद्राबाहेर रांगा लागल्या, मुदत वाढली, वर्तमानपत्रांत आकडे आले म्हणून कळला. 2023 च्या खरिपापासून तर एक रुपयात पीकविमा होता. 2025 च्या खरिपापासून तो रुपया बंद झाला आणि कपाशीला पुन्हा विमा रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंत हप्ता आला, तेव्हाही गाव या एकाच विषयावर महिनाभर बोलत होते. लेकराच्या उपचाराच्या हक्काबद्दल असा ध्वनिक्षेपक कधी तुमच्या गावात फिरला? फिरला असेल तर बैठकीत उभे राहून सांगा, मी माझे शब्द मागे घेईन.

एका आजाराला किती कापूस?

मी शेतीचा पदवीधर आहे. मला रुपयांपेक्षा क्विंटलमध्ये हिशेब लवकर समजतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची 75 वी फेरी 2017-18 साली झाली. तिच्यात ग्रामीण भागातल्या माणसाला खासगी रुग्णालयात एकदा भरती व्हायला सरासरी 27 हजारांवर रुपये लागत होते आणि सरकारी रुग्णालयात चार हजारांवर. त्याच हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता 4,320 रुपये. म्हणजे खासगीतली एक भरती सहा क्विंटलांहून जास्त कापसाची. कोरडवाहू पऱ्हाटी एकराला तीन-चार क्विंटल देते, तेव्हा दीड-दोन एकरांचे सारे पीक एका तापात जाते. यात बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी धरलेली नाही. सरासरीचा आकडा मोतीबिंदू आणि हर्नियाही पोटात घेतो, हे खरे. पण नवजात बाळ काचेच्या पेटीत आठ दिवस ठेवले तर हा आकडा किती मागे पडतो, ते ज्याच्या घरी झाले आहे त्याला विचारा.

त्याच सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या शंभरांपैकी 86 जणांना कसलेही आरोग्य विमा संरक्षण नव्हते. योजनाच नव्हत्या, असेही नाही. आपल्या राज्यात जीवनदायी योजना 1997 पासून होती. 2008 साली केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. तिच्यात तीस हजारांचे संरक्षण होते आणि कुटुंब मोजायचे पाच माणसांचे. घरात म्हातारी आई धरली की तिसरे पोर गळाले. 2012 साली राजीव गांधींच्या नावाची जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी ती राज्यभर पोचली. 2017 साली तिलाच महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. सप्टेंबर 2018 मध्ये आयुष्मान भारत आली आणि तिची यादी होती 2011 च्या सामाजिक-आर्थिक आणि जातनिहाय जनगणनेची! त्यानंतर जन्मलेले लेकरू त्या यादीत असणार कुठून? घरातल्या मोठ्याचा आधार धरून त्याला मागाहून जोडायचे. जोडले कोणी? जुलै 2023 मध्ये शासनाने निर्णय काढला आणि 1 जुलै 2024 पासून पिवळे, केशरी, पांढरे कार्ड न बघता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळाले.

कागदावर हा निर्णय चांगलाच आहे. मी तो मोडीत काढत नाही. मराठवाड्यातले आठ आणि विदर्भातले सहा अशा आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्यांना सातबारा दाखवून आधीही या योजनेत घेतलेच होते. लहान मुलाच्या हृदयाला छिद्र असले, कर्करोग असला, तर हीच योजना त्याला वाचवते. अशी वाचलेली मुले आपल्याच गावांत हुंदडत आहेत. माझे भांडण वेगळे आहे.

बैल गेला अन् झोपा केला

गुलाबी बोंडअळीबद्दल मी तुम्हाला वर्षानुवर्षे काय सांगत आलो? कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले की फवारणीची वेळ झाली. बोंड फोडून अळी दिसल्यावर औषध मारून उपयोग नाही, कारण तोवर सरकी पोखरली गेलेली असते. आता आपली आरोग्य योजना बघा. पोर तापले, खर्च तुमचा. खोकला छातीत उतरला, तपासणीचा खर्च तुमचा. बाहेरच्या दुकानातून औषधाची चिठ्ठी आणली, खर्च तुमचा. आता त्याला श्वास घेता येत नाही, भरती करावे लागते, त्याचा आजार यादीतल्या उपचारांत बसतो, रुग्णालय योजनेतले आहे, खाट रिकामी आहे आणि आधी मंजुरीही मिळाली, तर मग योजना सुरू होते. सरकी पोखरल्यावर!

लहान मुलांचे आजार बहुतेक याच सुरुवातीच्या टप्प्यातले असतात. हगवण, न्यूमोनिया, हिवाळ्यातला दमा, रक्त कमी असणे. विदर्भात सिकलसेलचे लेकरू असलेल्या आईला विचारा. त्या मुलाला रोजची गोळी हवी, वरचेवर रक्ताची तपासणी हवी, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर हवा. भरती झाल्यावर पाच लाख मिळतील हे तिला माहीत असले तरी आजच्या गोळीचे काय? तालुक्याला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, दोघांचे एस.टी.चे भाडे लागते, आणि गोळी 'पुढच्या आठवड्यात येईल'.

हे सारे फुकट करता येत नाही, असे कोणी सांगू नये. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत शुल्क बंद झाले आहे. निर्णय खरा आहे, पण फुकट मिळणाऱ्या दवाखान्यात औषधच नसेल आणि मुलांचा डॉक्टर बदलीवर गेला असेल तर फुकट मिळाली ती चिठ्ठी. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि मग तोच शेतकरी शेजारच्या खासगी दवाखान्यात शिरला की साहेब लोक म्हणतात, 'यांना सरकारी दवाखान्याचा विश्वासच नाही.'

शाळेतली तपासणी घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 ला आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथक येते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात व्यंगे, हृदयाचे आजार, कमतरता, वाढीतले अडथळे तपासते आणि पुढचा उपचार फुकट मिळतो. माझ्या मते लेकरांसाठीची ही सर्वांत शहाणी योजना आहे, कारण ती आजारी पडायची वाट बघत नाही. पण पथक येते त्या दिवशी आपले पोर कुठे असते? वेचणीला किंवा घरी धाकट्याला सांभाळत. पथकाने वर्गात हजर होते तेवढे तपासले आणि गाडी पुढच्या गावाला गेली. यात निम्मा दोष पथकाचा, निम्मा आपला. आपला दोष मी लपवत नाही.

धागा एकच, हक्क दोन

आता एक गंमत ऐका. 1948 च्या राज्य कामगार विमा कायद्याने कारखान्यातल्या कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला दवाखाना दिला. नुसती भरती नव्हे. साधा ताप, औषध, तपासणी सगळे. महिना 21 हजारांपर्यंत पगाराच्या कामगाराकडून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के, असा हिशेब 2019 पासून ठरला. सूतगिरणीतल्या कामगाराच्या मुलाला खोकला झाला तर त्याला गोळी मिळते. चांगले आहे, मिळायलाच हवी. पण त्या सूतगिरणीला कापूस कोण पुरवतो? आपण. आणि मधल्या जिनिंगमध्ये सरकी वेगळी करणारा मजूर? त्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले आणि हंगामी म्हणजे कोणते हे सांगताना कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगचे नाव घालून वगळले. वावरापासून जिनिंगच्या फाटकापर्यंत ज्याचे हात कापसाला लागले त्याच्या लेकराला काही नाही. सुताचा धागा निघाला की दवाखाना सुरू.

सरकारी नोकराला उपचाराच्या खर्चाची परतफेड आहे, कामगाराला विमा आहे. आपल्याला काय, तर दवाखान्याच्या दारात उभे राहून आपण गरीब आहोत हे रात्री दहाला सिद्ध करणे.

मग बाजारात जाऊन स्वतःच विमा घ्यावा, असे शहरातले मित्र सांगतात. घ्या, पण वाचून घ्या. पीककर्जाच्या रकमेतून न विचारता कुठलासा विमा कापून घेतलेले शेतकरी मला दर हंगामात भेटतात. पावती बघावी तर तो विमा मेल्यावरचा असतो, आजारपणाचा नसतो. खऱ्या आरोग्य विम्यात पहिले तीस दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावता येते. बऱ्याच पॉलिसी बाळाला एक्क्याण्णवाव्या दिवसापासून घेतात, म्हणजे बाळाच्या जिवाला सर्वांत जास्त धोका असलेले पहिले तीन महिने बाहेरच. खोलीच्या भाड्याला मर्यादा असेल तर बाकीचे बिलही त्या प्रमाणात कापतात. आणि हप्ता? तो दरवर्षी, पाऊस पडो वा न पडो. एक वर्ष दुष्काळाने हप्ता चुकला की मागे भरलेले गेले आणि थांबायची वर्षे पहिल्यापासून मोजायची. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी ही पॉलिसी बनलेलीच नाही.

त्यात सरकारचे शहाणपण असे की जुलै 2017 पासून 21 सप्टेंबर 2025 पर्यंत या हप्त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर होता. सोन्यावर तीन टक्के. लेकराच्या अंगावर सोन्याची साखळी घालायला तीन आणि लेकरू वाचवायला अठरा! आठ वर्षांनी हा कर काढला, त्याबद्दल आभार मानायचे असतील त्यांनी मानावेत.

विमा कंपनी मधे घातली की काम चोख होते, हाही एक भ्रम आहे. शेतकऱ्याच्या अपघाताची विमा योजना शासनाने 2023 साली विमा कंपन्यांकडून काढून घेतली आणि थेट सानुग्रह अनुदान केले. कारण दावे अडवले जात होते, वेळेवर मिळत नव्हते. हे शासनानेच मान्य केलेले आहे. बरे, त्या योजनेतही वय दहा ते पंचाहत्तर. विहिरीत पडलेले आठ वर्षांचे पोर तिच्यात बसत नाही.

आपल्याच माणसांशी दोन शब्द

आपल्यातले काही ज्येष्ठ म्हणतात, ही सगळी मागण्यांची भाषा कशाला? कापसाला भाव मिळाला तर शेतकरी दवाखान्याचे बिल स्वतः भरेल, कोणाच्या दारात जाणार नाही. मला हा बाणा आवडतो. माझे वडील याच बाण्यात गेले. पण हिशेबाला हा मुद्दा टिकत नाही. 2025-26 साठी लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये आहे. उद्या त्याचे दहा हजार झाले तरी भाव सगळ्यांना थोडा-थोडा मिळतो आणि आजार एकालाच सगळाच्या सगळा येतो. गावात दोनशे घरे असतील तर वर्षात पाच-सात घरांत मोठे आजारपण शिरणार. ते कोणत्या घरात, हे कोणी सांगू शकत नाही. वाढलेल्या भावाने एकशे त्र्याण्णव घरे सावरतील आणि सात घरे तरीही वावर विकतील. भावाची लढाई लढायचीच आहे. पण भाव मिळेपर्यंत तापाने थांबावे, असे त्याला कोण सांगणार?

आणि हे सगळे गावाने मिळून वाटून घ्यायचे असते, ही कल्पना मुंबई-दिल्लीची नव्हे. ती आपल्याच ज्वारीच्या कोठीतून निघालेली आहे. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे, 1969 साली डॉ. सुशीला नायर यांनी उभी केलेली. तिथल्या डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या खेड्यांत ज्वारीच्या बदल्यात आरोग्य विमा चालवला. हंगामाला ज्वारी निघाली की गावाने ती गोळा करायची. भूमिहीनाने थोडी, जमीनवाल्याने एकराच्या हिशेबाने जास्त. एक-दोन घरांनी यायचे नाही, गावातल्या बहुतेकांनी यायचे. नाहीतर आजारी तेवढेच येतात आणि कोठी रिकामी होते. अचानक आलेल्या आजारात भरती फुकट. बाळंतपण किंवा आधीपासून ठाऊक असलेली शस्त्रक्रिया असेल तर सवलत. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्याकडे साधी औषधे.

या रचनेकडे नीट बघा. हप्ता पीक निघाल्यावर, ते शेतकऱ्याचे कॅलेंडर झाले. ज्याच्याकडे जास्त त्याने जास्त, आणि उपचार सगळ्यांना सारखा. घरात माणसे किती, म्हातारी की तान्हे, कोणी मोजत नाही. खाते कोणी बाहेरचा एजंट सांभाळत नव्हता. ज्वारीने रुग्णालयाचा सगळा खर्च निघत होता, असे मात्र समजू नका. तो निघत नव्हताच. ती संस्था केंद्र आणि राज्य सरकारच्या अनुदानावर चालते. पण ज्याने दोन पायल्या मापून दिल्या तो दवाखान्याच्या दारात याचना करत उभा राहत नव्हता. 'आमच्या गावाची ज्वारी भरली आहे' म्हणत आत जात होता. आता आपल्याकडे खरिपाची ज्वारीच उरली नाही, वावरे सोयाबीनने व्यापली. ज्वारी नसेल तर कापसाच्या पट्टीतून रुपये काढू, पण ही रीत मोडू देता कामा नये.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. जन्माची नोंद झाली त्याच दिवशी बाळाचे नाव शिधापत्रिकेवर आणि आरोग्य योजनेत आपोआप चढले पाहिजे. ग्रामपंचायत जन्माची नोंद घेते, तहसील शिधापत्रिका बघते, आरोग्य विभाग कार्ड काढतो. तीन कचेऱ्यांनी आपसात बोलावे, बापाने का पळावे? अठरा वर्षांखालच्या मुलाला भरती न होताही तपासणी आणि औषध या योजनेत मिळाले पाहिजे. निदान सिकलसेल, दमा, मिरगी अशा रोज औषध लागणाऱ्या मुलांपासून सुरुवात करा. उपजिल्हा रुग्णालयात मुलांचा डॉक्टर आणि आजारी नवजातांचा कक्ष नसेल तर पाच लाखांचे कार्ड घेऊन माणूस शंभर किलोमीटर फिरतो, त्या कार्डाला अर्थ नाही. आणि पथकाची शाळेतली फेरी वेचणीच्या महिन्यांत ठेवू नये.

हे मिळेपर्यंत हातातले तरी सोडू नका. शिधापत्रिका आजच काढून बघा. त्यात ज्या लेकराचे नाव नाही त्याचा जन्मदाखला आणि आधार घेऊन नाव चढवण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. घरातल्या प्रत्येक मुलाचे आयुष्मान कार्ड वेगळे निघते, बापाचे असले म्हणजे पोराचे झाले असे नाही. योजनेतल्या रुग्णालयाने मंजूर उपचाराचे वरचे पैसे मागितले तर पावती मागा आणि तिथूनच 155388 ला तक्रार नोंदवा. 2012 च्या योजनेच्या पॅकेजमध्ये घरी परतायचे एस.टी.चे भाडेसुद्धा रुग्णालयाने द्यायचे होते. कोणाला मिळाले असेल तर मला त्याचे दर्शन घ्यायचे आहे. फलक नसलेले मोठे रुग्णालय धर्मादाय संस्थेचे असेल तर उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे त्याला दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला घरात काढून ठेवा. तोही रात्री दहाला मिळत नाही.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावातून दोन आकडे लिहून आणा. अठरा वर्षांखालची मुले किती, आणि त्यांपैकी शिधापत्रिकेवर नाव नसलेली किती. नावे नकोत, आकडे पुरेत. अंगणवाडी ताईकडे पहिला आकडा आहे, दुसरा घरोघर फिरून मिळेल. ज्या गावांचे आकडे येतील त्यांचा तक्ता करून त्याच दुपारी आपण सगळे मिळून जिल्हाधिकारी कचेरीत जाणार आहोत. आपला तो कार्यकर्ताही येणार आहे, मुलाला घेऊन. त्याचे नाव अजून चढायचे आहे.